घरच्या टाकीतला शिंगाडा

भंडारा-गोंदियाकडच्या तलावांत ढिवर समाज शिंगाडा पिकवत आला आहे. घरी तो रुंद तोंडाच्या टाकीतही येतो, फक्त दिवसभर ऊन हवं. तळाशी वीतभर गाळमाती आणि कुजलेलं शेणखत, वर दीड-दोन फूट पाणी. बियाणं मात्र ओलंच ठेवलेलं लागतं. वाळलेला शिंगाडा रुजत नाही, त्यामुळे किराणा दुकानातला इथे निरुपयोगी. हिवाळा सरताना पाण्यात रुजवलेली रोपं पावसाळ्याच्या तोंडाशी टाकीत लावावीत.

याचं फळणं मुद्दाम बघावं असं आहे. पांढरं फूल पाण्यावर उमलतं, मग देठ वळून पाण्यात शिरतो आणि फळ खाली, नजरेआड पोसतं. म्हणून तोडणीच्या वेळी तरंगता पानांचा झुबका उलटवून पाहावा लागतो, तोही काटे सांभाळून. साधारण ऑक्टोबरपासून दर आठ-दहा दिवसांनी तोडणी करावी; उशीर झाला की पिकलेलं फळ सुटून तळाशी जातं. पानं कुरतडणारे भुंगेरे हातानंच वेचावेत. डासांसाठी गप्पी मासे सोडावेत.

शिंगाडा कच्चा, दातांनी सोलून खाऊ नका. सालीवरून जंतांची लागण होऊ शकते; स्वच्छ धुऊन, उकडूनच खा.