आठ जीबीतले दोन जीबी जातात कुठे?

लॅपटॉपवर एखादी पीडीएफ उघडी आहे. तुम्ही शांतपणे वाचताय, कर्सरही जागचा हललेला नाही. पडदा स्थिर दिसतो, पण साधारणपणे त्यावरचं अख्खं पान सेकंदाला ६० वेळा मेमरीतून नव्याने वाचलं जात असतं. फुल एचडी पडद्यावर आडव्या ओळीत १९२० ठिपके आणि अशा १०८० ओळी, म्हणजे एकूण २०,७३,६०० ठिपके. एका ठिपक्याचा रंग नोंदवायला सहसा चार बाइट लागतात. एका चित्राचे झाले सुमारे ८.३ एमबी आणि सेकंदाचे जवळजवळ ५०० एमबी. मिनिटभर पान न उलटता वाचलंत, तर तेवढ्यात ३० जीबीच्या आसपास वाचन होऊन जातं. हा हिशोब मी जेव्हा जेव्हा मांडतो, तेव्हा तेव्हा समोरच्या स्थिर पानाकडे पाहून थक्क होतो.

हे चित्र ठेवलेलं असतं कुठे? स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असलेल्या संगणकात कार्डावर खास त्याची मेमरी बसवलेली असते. पण घरात, कॉलेजात, ऑफिसात दिसणाऱ्या बहुतेक लॅपटॉपमध्ये असं कार्डच नसतं. चित्र काढणारा ग्राफिक्स प्रोसेसर मुख्य प्रोसेसरसोबत सहसा सिलिकॉनच्या एकाच तुकड्यावर नांदतो आणि त्याच्या मालकीची रॅम नसते. तुमची एक्सेल शीट आणि ब्राउझरचे वीस टॅब जिथे पसरलेले असतात, त्याच रॅममध्ये तोही आपला पसारा मांडतो. इंटेलने १९९९ मध्ये ८१० चिपसेट आणला, त्यातलं ग्राफिक्स मुख्य रॅमवरच चालायचं. तेव्हा ग्राफिक्सचा भाग मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपमध्ये होता. २०११ च्या सँडी ब्रिज प्रोसेसरांत तो थेट मुख्य प्रोसेसरच्या शेजारी आला आणि दोघं शेवटच्या पातळीची कॅशही वाटून घेऊ लागले. एटीआय ही ग्राफिक्स कंपनी २००६ मध्येच विकत घेतलेल्या एएमडीनेही २०११ मध्येच असे प्रोसेसर बाजारात आणले.

आता त्या दोन जीबींकडे. ८ जीबीचा नवा लॅपटॉप घ्यावा, सेटिंग्ज उघडाव्यात आणि तिथे ‘५.९ जीबी वापरण्यायोग्य’ असं दिसावं, हा अनुभव अनेकांना आलेला असेल. रॅम खराब नसते आणि दुकानदारानेही फसवलेलं नसतं. विंडोज जागं होण्याआधीच बायोस रॅमचा एक तुकडा कुंपण घालून ग्राफिक्ससाठी राखून ठेवतो. एएमडीच्या काही लॅपटॉपमध्ये हा तुकडा ५१२ एमबीचा असतो, काहींत २ जीबीचा. इंटेलमध्ये तो बहुधा बराच लहान असतो.

खरी गंमत या कुंपणाच्या बाहेर आहे. राखीव जागा पुरली नाही की ग्राफिक्सचा ड्रायव्हर ऑपरेटिंग सिस्टिमकडे आणखी जागा मागतो आणि काम झालं की परत करतो. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये ‘शेअर्ड जीपीयू मेमरी’ म्हणून रॅमच्या साधारण निम्मा आकडा दिसतो, १६ जीबीच्या यंत्रात ८ जीबीच्या आसपास. तो पाहून आपली निम्मी रॅम गेली असं समजू नये. ती फक्त कमाल मर्यादा आहे, वापर होईपर्यंत त्यातला एक बाइटही अडकलेला नसतो. आणि ही मागितलेली जागा सलग मिळतही नाही. रॅम वाटली जाते ती सहसा ४ केबीच्या पानांनी. गेममधल्या एखाद्या भिंतीचं १६ एमबीचं चित्र ठेवायचं तर अशी ४,०९६ पानं लागतात, आणि ती रॅमभर कुठेही विखुरलेली असू शकतात. ग्राफिक्स प्रोसेसरला मात्र ती सगळी एका सरळ रांगेत दिसतात, कारण मध्ये एक पत्त्यांचा तक्ता असतो. कितवं पान प्रत्यक्षात कुठे पडलंय, ते हा तक्ता दर वेळी क्षणार्धात सांगतो.

या एकत्र नांदण्याचा मोठा लाभ म्हणजे नक्कल टळते. वेगळं कार्ड असेल तर मुख्य रॅममधला फोटो आधी कार्डाच्या मेमरीत पोचवावा लागतो. इथे प्रोसेसरने उलगडलेला फोटो जागच्या जागी राहू शकतो, ग्राफिक्सला फक्त त्याचा पत्ता कळवायचा. मात्र प्रत्येक प्रोग्रॅम याचा फायदा घेतो असं नाही. कित्येक प्रोग्रॅम रॅमच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात उगाच नकला करत राहतात.

तोटा आहे तो वेगाचा. विहीर तुडुंब भरलेली असली तरी रहाट एकच असेल, तर पाणी बेताचंच निघणार. डीडीआर४-३२०० रॅमची एक स्टिक सेकंदाला जास्तीत जास्त २५.६ जीबी देऊ शकते आणि तेवढ्यात प्रोसेसर आणि ग्राफिक्स दोघांनी भागवायचं. दुसऱ्या स्लॉटमध्ये जोडीची स्टिक बसवली की हाच आकडा ५१.२ होतो. शेजारी आरटीएक्स ४०९० या डेस्कटॉप कार्डाचा आकडा ठेवून पाहा, सेकंदाला १,००८ जीबी! इंटेलच्या आयरिस एक्सई ग्राफिक्सबाबत तर असं आहे की रॅमचा एकच चॅनेल (म्हणजे एकच रहाट) वापरात असेल, तर तीच चिप स्वतःची ओळख नुसती ‘यूएचडी’ अशी करून देते. म्हणून माझं स्पष्ट मत आहे, बायोसमध्ये शिरून राखीव तुकडा वाढवत बसण्यापेक्षा रिकाम्या स्लॉटमध्ये दुसरी स्टिक घालावी. फरक डोळ्यांना दिसतो.

अभियंत्यांनी हे वाचन कमी करण्याच्याही युक्त्या काढल्या आहेत. काही लॅपटॉपच्या पडद्यातच छोटी मेमरी असते. चित्र बदलत नसेल तर पडदा त्यातूनच स्वतःला ताजं ठेवतो, मुख्य रॅमला तेवढी विश्रांती मिळते आणि बॅटरी वाचते.

एका मेमरीवर दोघांचं भागवण्याची कल्पना तशी जुनीच. १९७७ च्या ॲपल टूमध्ये स्टीव्ह वॉझ्नियॅकने ती ज्या सफाईने साधली, ती मला आजही अप्रतिम वाटते. त्यातला ६५०२ प्रोसेसर आवर्तनाच्या अर्ध्या भागातच मेमरीला हात लावायचा. उरलेल्या अर्ध्यात पडद्याचं सर्किट चित्र वाचून घ्यायचं, त्यामुळे कुणालाच थांबावं लागत नसे. शिवाय त्या प्रकारच्या मेमरीतला विद्युतभार काही मिलिसेकंदांत गळतो, तो सतत ताजा करावा लागतो. पडद्यासाठी होणाऱ्या वाचनातच तेही काम उरकायचं! १९८१ च्या बीबीसी मायक्रोमध्येही प्रोसेसर आणि पडदा असेच आळीपाळीने मेमरी वापरत. त्याची रॅम होती ३२ केबी आणि काही मोडमध्ये त्यातली २० केबी एकटा पडदा खायचा. १९८४ मध्ये भारत सरकारच्या ‘क्लास’ प्रकल्पातून शाळांमध्ये आले ते हेच संगणक.

इतकी वर्षं ही काटकसरीची सोय मानली गेली. अलीकडे मात्र पारडं फिरलं आहे. ॲपलने २०२० मध्ये एम१ आणताना सामाईक मेमरी हेच वैशिष्ट्य म्हणून पुढे केलं. २०२५ मध्ये आलेल्या एएमडीच्या रायझन एआय मॅक्स मालिकेत १२८ जीबीपर्यंत सामाईक रॅम मिळते आणि त्यातली ९६ जीबी ग्राफिक्सला देता येते. वेग सेकंदाला २५६ जीबी, म्हणजे आरटीएक्स ४०९० च्या वेगाचा साधारण चौथा हिस्सा. पण त्या कार्डाची मेमरी २४ जीबीच आहे. ७० जीबीचं एखादं मोठं भाषा-मॉडेल त्यात मावत नाही, सामाईक रॅमच्या यंत्रात अख्खं मावतं आणि सावकाश का होईना, चालतं. या यंत्रांची रॅम कायमची सोल्डर केलेली असते, तेव्हा किती जीबी हवी ते विकत घेतानाच ठरवावं लागतं.