नायट्रो की पॉली?

इलेक्ट्रिक गिटार कोणत्या रंगाची घ्यायची, असं विचारलं तर नवखा लाल, काळा, निळा असं काहीतरी सांगतो. जुना वाजवणारा उलट विचारतो, नायट्रो की पॉली?

नायट्रो म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर. मूळचं ते मोटारींचं. वार्निश वाळेपर्यंत कारखान्यात गाड्या दिवसचे दिवस अडकून पडत. 1920 च्या दशकात ड्यूपाँ कंपनीने 'ड्यूको' हे झटपट वाळणारं लॅकर आणलं आणि ती अडचण संपली. पुढे कॅलिफोर्नियात फुलर्टनला लिओ फेंडरच्या कारखान्याने मोटारींचेच रंग गिटारींवर चढवले. 'फिएस्टा रेड' फोर्डचा, 'लेक प्लॅसिड ब्लू' कॅडिलॅकचा. असा खास रंग हवा असेल तर गिऱ्हाइकाने 5 टक्के जादा मोजायचे. त्यातल्या काही निळ्या गिटारी आज हिरवट दिसतात. खालचा निळा बहुधा शाबूत असतो. वरचं पारदर्शक लॅकर पिवळं पडलेलं असतं.

लॅकर वाळतं म्हणजे त्यातला थिनर उडून जातो, एवढंच. वर नवा हात मारला की जुना थर थोडा विरघळतो आणि दोन्ही एकजीव होतात. मिरजेत सतारीला लाखेचं पॉलिश करणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. स्पिरिटमधली लाखही अशीच वागते. म्हणून टवका उडालेली नायट्रो गिटार दुरुस्त करायला सोपी. खड्ड्यात काडीच्या टोकाने लॅकरचा थेंब सोडायचा. वाळला की तो खाली बसतो, मग दुसरा, तिसरा. जरा उंचवटा आला की पुरतं कडक होऊ द्यायचं आणि बारीक वॉटर पेपर पाण्यात भिजवून, लाकडी ठोकळ्याला गुंडाळून, घासून सपाट करायचं. हात चांगला असेल तर जोड सापडत नाही.

पॉली म्हणजे पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर. आपल्या सुतारांचं 'पीयू' याच घराण्यातलं. हे नुसतं सुकत नाही, रासायनिक क्रियेने कायमचं घट्ट होतं आणि मग थिनरलाही दाद देत नाही. टवका उडाला तर सुपरग्लू भरून चमकवता येतो, पण नवं-जुनं एकजीव होत नाही. कडेची रेघ बहुधा दिसतेच. मात्र टवका सहजासहजी उडतही नाही. कारखान्याच्या दृष्टीने तर पॉली सोन्याची. थोड्या हातांत जाड थर बसतो, नायट्रोसारखं पुरतं कडक होण्यासाठी आठवडे थांबावं लागत नाही. 1965 मध्ये फेंडर कंपनी सीबीएस या अमेरिकी प्रसारण कंपनीकडे गेली आणि दशक संपता संपता तिथे पॉलिएस्टर आलं. सत्तरच्या दशकातल्या काही गिटारींवर ते इतकं जाड आहे की लाकूड काचेत बुडवलंय असं वाटावं. गिब्सन या दुसऱ्या गिटार कंपनीने मात्र नायट्रो सोडलेलं नाही.

आता नेहमीचा वाद : नायट्रोने लाकूड 'श्वास घेतं', म्हणून आवाज खुलतो. मला हे पटत नाही. तारांखालच्या पिकअपला तारेचं कंपन कळतं, रंगाचा डबा नाही. त्या जाड थरांच्या गिटारींबद्दल कोणी कुरकुर केली तर ऐकून घेईन. आजच्या पातळ पॉलीबद्दल नाही.

नायट्रोचं खरं आकर्षण म्हणजे ते झिजतं. आयरिश गिटारवादक रोरी गॅलाहरच्या 1961 च्या फेंडर स्ट्रॅटोकास्टरवरचा बराचसा रंग निघून लाकूड उघडं पडलं होतं. लोकांना ते इतकं भावलं की 1990 च्या दशकात फेंडरने कोऱ्या गिटारी मुद्दाम खरवडून, गंजवून 'रेलिक' म्हणून विकायला काढल्या, त्याही जास्त किमतीला. हौसेला मोल नाही, दुसरं काय!

पण झिजण्याच्या जोडीला नखरेही येतात. थंडीतून एकदम उबेत आणलं तर नायट्रोला बारीक तडे जातात. स्टँडच्या रबराशी त्याची प्रतिक्रिया होते, रंग मऊ पडून तिथे डाग उमटतो. तेव्हा स्टँडला सुती कापड गुंडाळावं. रोज लोकलच्या गर्दीतून गिटार नेणाऱ्याने बिनदिक्कत पॉली घ्यावी. आणि बॉडीपेक्षा आधी मान बघावी. मुंबईच्या दमट हवेत घामेजलेला अंगठा चकचकीत मानेला चिकटतो. तिथे मॅट पॉली किंवा नुसतं तेल-मेण बरं. म्युझिक मॅन कंपनीच्या कित्येक गिटारींच्या माना तेल-मेणाच्याच असतात. त्या मळतात खऱ्या, पण पुसून पुन्हा तेल लावायला अर्धा तास पुरतो.