पोटमाळ्यावरच्या बाईची बाजू

(लेखमाला ‘विसाव्या शतकातल्या लेखिका’ : भाग ९, जीन रीस)

नोव्हेंबर १९४९. लंडनच्या ‘न्यू स्टेट्समन’ साप्ताहिकात एक छोटी जाहिरात आली. कादंबरीकार जीन रीस कुठे राहतात हे कुणाला ठाऊक असल्यास कळवावं, असा तिचा आशय. जाहिरात देणारी सेल्मा व्हाझ डायस ही नटी होती. तिला रीसच्या एका कादंबरीचा नाट्यप्रयोग करायचा होता आणि परवानगी मागायला लेखिकाच सापडत नव्हती. सापडत नाही म्हणजे मेली असणार, असं बहुतेकांनी धरून टाकलं होतं. प्रत्यक्षात ती लंडनच्या कडेला बेकनहॅममध्ये राहत होती. वय ५९. शेजाऱ्यांशी झालेल्या मारामारीपायी कोर्टात खेपा घालत होती. त्याच सुमारास तिथल्या एका बाईने तिच्यावर आळ घेतला की ही जीन रीस नावाच्या मेलेल्या लेखिकेचं सोंग घेऊन वावरते.

रीसवर लिहिणाऱ्या बहुतेकांना या प्रसंगापासून सुरुवात करण्याचा मोह आवरत नाही. मलाही आवरला नाही. पण या बाईचं आयुष्य इतकं नाट्यमय आहे, की पुस्तकं त्या आयुष्याच्या तळटीपा होऊन बसतात. दारू, तीन लग्नं, तुरुंगात गेलेले दोन नवरे, तान्हेपणी गेलेला मुलगा, स्वतःची तुरुंगवारी, पंचवीसेक वर्षांचा अज्ञातवास. वाचक हळहळतो, आणि हळहळण्याच्या नादात ही विसाव्या शतकातली एक अत्यंत कठोर कारागीर होती हे विसरतो. आज आयुष्य सांगायचं आहेच, पण नजर तिच्या कात्रीवर ठेवून.

एला ग्वेंडोलिन रीस विल्यम्स हे तिचं जन्मनाव. जन्म २४ ऑगस्ट १८९० चा, डॉमिनिका बेटावर, रोझो गावी. डॉमिनिका म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिक नव्हे. २०२३ च्या जुलैत यशस्वी जयस्वालने पदार्पणाच्या कसोटीत १७१ धावा केल्या, ते विंडसर पार्क मैदान याच रोझोत आहे. वडील वेल्समधून आलेले डॉक्टर. आई तिथेच पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या गोऱ्या मळेवाल्यांच्या घराण्यातली. या घराण्याने गुलाम राबवले होते. गुलामगिरी कायद्याने गेली आणि मळेवाल्यांचं वैभवही ओसरलं. बेटावर गोरे मूठभर. कृष्णवर्णीयांच्या लेखी ते जुन्या जुलमाचे वारस, आणि खुद्द इंग्लंडमधल्या गोऱ्यांच्या लेखी वसाहतीत वाढलेले, म्हणून जरा कमअस्सल. या दोन नकारांच्या बेचक्यात ती वाढली, आणि पुढे जिथे गेली तिथे ही बेचकी तिच्याबरोबर गेली.

१९०७ मध्ये शिक्षणासाठी तिला इंग्लंडला पाठवलं. केंब्रिजच्या शाळेत तिच्या उच्चारांची टवाळी झाली. १९०९ मध्ये लंडनच्या नाट्यशाळेत गेली, तर हे उच्चार सुधारणं अवघड, असा तिथल्या मंडळींचा निर्वाळा. घरी परतण्याऐवजी ती फिरत्या संगीत नाटक कंपनीत कोरसमध्ये उभी राहिली. गावोगावची थंड भाड्याची खोली, शेगडीच्या मीटरमध्ये टाकायची नाणी, घरमालकिणीची संशयी नजर हे तिच्या कादंबऱ्यांतलं जग इथलं. १९१० मध्ये वडील वारले. त्याच काळात वीस वर्षांनी मोठ्या अशा एका श्रीमंत शेअरदलालाशी तिचं प्रकरण झालं. त्याने सोडल्यावर वकिलामार्फत दरमहा पैसे येत राहिले. १९१३ मध्ये गर्भपात झाला.

त्यानंतर एके दिवशी तिने दुकानातून काळ्या पुठ्ठ्याच्या वह्या आणि टाक विकत आणले आणि झालेलं सगळं लिहून काढलं. मग वह्या बॅगेत तळाशी टाकल्या आणि पुढची कित्येक वर्षं या शहरातून त्या शहरात वागवल्या. त्यांची कादंबरी व्हायला दोन दशकं लागली. ‘व्हॉयेज इन द डार्क’ १९३४ साली आली. रीस म्हणजे मन मोकळं करणारी लेखिका, असं ज्यांना वाटतं त्यांनी या दोन दशकांचा विचार करावा. मन मोकळं वह्यांत झालं होतं. कादंबरी हे वेगळं काम होतं, आणि तेवढ्यासाठी ती थांबायला तयार होती.

१९१९ मध्ये तिने जाँ लाँग्ले या फ्रेंच-डच पत्रकाराशी लग्न केलं. पॅरिसमध्ये मुलगा झाला आणि तीन आठवड्यांतच इस्पितळात गेला. तो गेला त्या संध्याकाळी आपण शँपेन पीत होतो, हे तिने अखेरच्या आत्मकथनात लिहून ठेवलं आहे. सबब नाही, अश्रूही नाहीत. पुढे व्हिएन्ना, बुडापेस्ट, थोडे दिवस पैसा, मग पळापळ. १९२२ मध्ये मुलगी झाली. तिचं बालपण मुख्यतः दुसऱ्यांकडे आणि नंतर वडिलांकडे हॉलंडमध्ये गेलं. १९२४ च्या अखेरीस लाँग्लेला अफरातफरीच्या गुन्ह्यात पॅरिसमध्ये अटक झाली.

नेमक्या त्या वेळी फोर्ड मॅडॉक्स फोर्ड तिच्या आयुष्यात आला. फोर्ड म्हणजे तेव्हाच्या पॅरिसमधल्या नव्या लेखकांचा पालक-संपादक. हेमिंग्वेही त्याच्याच ‘ट्रान्सअटलांटिक रिव्ह्यू’त छापून येत होता. फोर्डने तिचं लेखन छापलं, शब्द कसे तोलायचे ते शिकवलं, ‘जीन रीस’ हे नाव सुचवलं, तिला आपल्या घरात आणून ठेवलं आणि तिच्याशी संबंधही ठेवले. घरात त्याची जोडीदार, चित्रकार स्टेला बोवेन, होतीच. या चौघांनीही पुढे हे प्रकरण लिहून काढलं. रीसची ‘क्वार्टेट’ (१९२८ मध्ये आधी ‘पोश्चर्स’ या नावाने), फोर्डची ‘व्हेन द विकेड मॅन’, लाँग्लेने टोपणनावाने लिहिलेली कादंबरी आणि बोवेनचं आत्मचरित्र. लाँग्लेच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर केलं रीसनेच, आणि करताना मजकुराला बरीच कात्रीही लावली. चौघांपैकी सगळ्यात जास्त अन्याय कोणावर झाला याचा निवाडा मला करायचा नाही. बोवेनची बाजू वाचली की रीसची बाजू डळमळते, हे मात्र कबूल करायला हवं. पण आज या चारांतलं स्वतःच्या पायावर उभं असलेलं पुस्तक ‘क्वार्टेट’च. बोवेनचं आत्मचरित्र नितळ आहे, तरी ते वाचलं जातं ते बहुतेक वेळा या प्रकरणामुळे.

फोर्डने तिच्या पहिल्या कथासंग्रहाला, ‘द लेफ्ट बँक’ला (१९२७), प्रस्तावना लिहिली. त्यात एक तक्रारवजा नोंद आहे. कथांत पॅरिसची थोडी स्थळवर्णनं घाल, असं त्याने सुचवलं होतं. तिने घातली तर नाहीतच, होती तीही काढून टाकली. गुरूचं ऐकायचं किती, हे शिष्येला पहिल्याच पुस्तकात कळलं होतं.

तिशीच्या दशकात आणखी तीन कादंबऱ्या झाल्या. खप नाही, नाव थोडं. ‘व्हॉयेज इन द डार्क’च्या मूळ शेवटात नायिका अॅना गर्भपातानंतर मरते. प्रकाशक कॉन्स्टेबलच्या मायकेल सॅडलरला ते फार काळोखं वाटलं, आणि रीसला शेवट बदलावा लागला. छापील आवृत्तीत अॅना जगते. डॉक्टर म्हणतो, ही लवकरच सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला तयार होईल, आणि वाचकाला कळतं की ही सुटका नाही, फेरा आहे. लादलेल्या बदलातूनही तिने हवी ती धार काढून घेतली. मला तर छापील शेवटच जास्त निर्दय वाटतो.

‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’ १९३९ च्या वसंतात आली. नायिका साशा, वय चाळिशीपार, १९३७ च्या पॅरिसमध्ये दोन आठवडे काढायला आलेली. कुठल्या कॅफेत रडून झालंय, कुठे पुन्हा पाऊल टाकायचं नाही, याचा तिच्या डोक्यात पक्का नकाशा आहे. वर्तमान आणि भूतकाळ वाक्यागणिक एकमेकांत घुसतात, तरी वाचक कुठे अडखळत नाही. आधुनिकतावादाचं तंत्र वुल्फकडे डोळ्यांत भरतं, इथे ते दिसतही नाही. भीषण पुस्तक आहे, आणि विनोदीही. तो विनोद समीक्षकांच्या लक्षात यायला फार वेळ लागला. काही महिन्यांतच महायुद्ध पेटलं आणि पुस्तकाबरोबर लेखिकाही दृष्टीआड झाली.

दुसरा नवरा १९४५ मध्ये गेला. तिसरा, मॅक्स हॅमर, सॉलिसिटर. १९५० मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात तो तुरुंगात गेला. त्याआधीच्या वर्षी बेकनहॅमच्या भांडणांतून तिला स्वतःला मानसिक तपासणीसाठी काही दिवस हॉलोवे तुरुंगात ठेवलं होतं. या अनुभवाचं तिने काय केलं ते पाहण्यासारखं आहे. १९६२ साली छापून आलेल्या ‘लेट देम कॉल इट जॅझ’ या कथेत हॉलोवेत जाते ती सेलिना, लंडनमध्ये एकटी पडलेली, कॅरिबियन बोलीत बोलणारी, मिश्र वंशाची तरुणी. तुरुंगात शिक्षेच्या कोठड्यांकडून तिला एक गाणं ऐकू येतं. सुटल्यावर एका पार्टीत ती ते गुणगुणते, एक माणूस त्याला जॅझचा साज चढवून विकतो आणि आभारादाखल तिला पाच पौंड पाठवतो. स्वतःची फजिती गोऱ्या बाईने दुसरीच्या तोंडी घातली. हे उचलेगिरी म्हणावं की सहवेदना, यावर वाद होऊ शकतो. पण आत्मचरित्र नक्कीच नाही. आणि नियती अशी, की १९६३ मध्ये सेल्मा व्हाझ डायसने पुढे केलेल्या कागदावर रीसने सही केली. तिच्या पुस्तकांच्या नाट्य-चित्रपट रूपांतरांच्या उत्पन्नातला अर्धा हिस्सा सेल्माचा झाला. पुढे महत्प्रयासाने तो एक तृतीयांशावर आणता आला. जिने तिला शोधून काढलं, तिनेच शोधणावळ वसूल केली.

१९५७ मध्ये बीबीसीने ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’ नभोवाणीवर सादर केली. त्यानंतर आंद्रे डॉइच प्रकाशनाच्या फ्रान्सिस विंडम आणि डायना ॲथिल यांनी तिच्या नव्या कादंबरीवर २५ पौंड देऊन हक्क राखला. काही महिन्यांत देते, असं ती म्हणाली. नऊ वर्षं लागली. दरम्यान ती डेव्हनमधल्या चेरिटन फिट्झपेन या खेड्यात, ओल धरणाऱ्या छोट्या बंगल्यात, आजारी नवऱ्याची उस्तवार करत होती. गावातले काही लोक तिला चेटकीण समजत. तिथल्या धर्मगुरूने मात्र हस्तलिखिताचं मोल ओळखलं आणि तिला लिहितं ठेवलं.

ती कादंबरी ‘वाइड सार्गासो सी’. शार्लट ब्राँटेची ‘जेन एअर’ (१८४७) आपल्याकडे पिढ्यांनी वाचली आहे. रॉचेस्टरच्या हवेलीच्या पोटमाळ्यावर कोंडलेली त्याची वेडी बायको बर्था, जमैकाहून आणलेली, त्यात जनावरासारखी गुरगुरते आणि शेवटी आग लावून मरते. रीसला लहानपणापासून हे खुपत होतं: ही आमच्याकडची बाई. तिची बाजू कोण सांगणार? रीसने तिला मूळ नाव दिलं, आंत्वानेत. काळ पुढे ओढून गुलामगिरी नुकतीच संपल्यानंतरचा केला. पहिला भाग आंत्वानेतच्या तोंडी, दुसरा मुख्यतः रॉचेस्टरच्या, आणि त्याचं नाव पुस्तकात एकदाही येत नाही. तोच बायकोचं नाव बदलून बर्था करतो. ही गोष्ट लिहिणाऱ्या बाईलाही तिचं लेखकाचं नाव एका पुरुषानेच दिलं होतं, हे विसरता येत नाही.

काम अडलं होतं ते रॉचेस्टरपाशी. खलनायक रंगवला की आंत्वानेतची शोकांतिका साध्या छळकथेवर उतरत होती. १९६४ मध्ये तिने रॉचेस्टरच्या तोंडी एक कविता लिहिली आणि तिला उमगलं की या माणसाला बायकोची ओढ आहे, आणि ओढीचीच त्याला भीती वाटते. तिथून दुसरा भाग सुटला. आपल्याला छळणाऱ्या माणसाच्या डोक्यात शिरून निम्मं पुस्तक लिहायचं, हे स्वतःची कीव करणाऱ्या लेखिकेचं काम नव्हे.

त्याच वर्षी हस्तलिखित घेऊन ती लंडनला आली आणि लगेच हृदयविकाराचा झटका आला. इस्पितळात तिने ॲथिलकडून वचन घेतलं, की मी मेले तर अपुरं पुस्तक छापायचं नाही. अपुरं म्हणजे काही ओळींचं काम उरलं होतं. १९६६ च्या मार्चमध्ये मॅक्स वारला, मग तिने पुस्तक हातावेगळं केलं. ऑक्टोबरमध्ये ते आलं तेव्हा ती ७६ वर्षांची होती. पुढच्या वर्षी डब्ल्यू. एच. स्मिथ पुरस्कार मिळाला. फार उशीर झाला, अशी तिची प्रतिक्रिया. १९७४ मध्ये ए. अल्व्हारेझने ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये तिला हयात इंग्रजी कादंबरीकारांत सर्वश्रेष्ठ ठरवलं. १४ मे १९७९ रोजी ती एक्सेटरला वारली. ॲथिलने आठवणींत लिहिलंय, की पुस्तक येऊन काही वर्षं लोटल्यावर रीसने तिला विचारलं होतं, तुम्ही ते छापू कसं दिलंत? त्यात दोन शब्द जास्तीचे राहिले होते.

आज ही कादंबरी आपल्या विद्यापीठांत इंग्रजीच्या एम.ए.ला नेमलेली असते, आणि तिच्याबरोबर गायत्री चक्रवर्ती स्पिवाक यांचा १९८५ चा निबंधही. स्पिवाक यांचा आक्षेप महत्त्वाचा आहे. गोऱ्या आंत्वानेतला आवाज मिळतो, पण तिला सांभाळणारी, रॉचेस्टरला तोंडावर सुनावणारी कृष्णवर्णीय क्रिस्टोफीन कथेतून मध्येच निघून जाते. बार्बेडोसचे कवी कामाऊ ब्राथवेट यांनी तर त्याआधीच विचारलं होतं की मळेवाल्यांच्या नातीला कॅरिबियनचा आवाज म्हणायचं का. उलट सेंट लुशियाच्या डेरेक वॉलकॉटने तिच्यावर प्रेमाने कविता लिहिली. मला ब्राथवेट यांचा प्रश्न रास्त वाटतो. फक्त त्याचं उत्तर ‘नाही’ आलं तरी पुस्तक लहान होत नाही. क्रिस्टोफीन निघून जाते तेव्हा कादंबरीला तिचं काय करावं ते कळत नाही, हे त्या घराण्याच्या नातीचं खरंखुरं अज्ञान आहे, आणि रीसने ते गोड शेवट देऊन झाकलेलं नाही.

कुणी विचारलं तर मी ‘वाइड सार्गासो सी’पासून सुरुवात करू नका असं सांगेन. आधी ‘व्हॉयेज इन द डार्क’, मग ‘गुड मॉर्निंग, मिडनाइट’. चरित्र शेवटी, वाटलंच तर.

(पुढच्या आठवड्यात : ब्राझीलची क्लारिस लिस्पेक्टर)