ला जते: ज्याला काल आठवतो, त्यालाच उद्या दिसतो

लेखमाला: छोटा चित्रपट, मोठा आवाका (भाग सहावा)

मागच्या आठवड्यात आपण बुन्युएल आणि दाली यांचा ‘अन शियँ आंदालू’ (१९२९) पाहिला. त्यातलं स्वप्न कुणालाच हिशेब द्यायला बांधील नव्हतं. आजच्या चित्रपटातलं स्वप्न मात्र कामाला जुंपलेलं आहे, तेही सरकारी देखरेखीखाली. क्रिस मार्कर या फ्रेंच दिग्दर्शकाचा ‘ला जते’ १९६२ सालचा, कृष्णधवल आणि जेमतेम २८ मिनिटांचा. पुढच्याच वर्षी त्याला फ्रान्समधला मानाचा ज्याँ व्हिगो पुरस्कार मिळाला.

गोष्ट सुरू होते पॅरिसच्या ओर्ली विमानतळावर. १९६१मध्ये तिथली नवी इमारत खुली झाली, आणि रविवारी पोराबाळांना घेऊन गच्चीवरून विमानं बघायला जाणं हा पॅरिसकरांचा विरंगुळा होऊन बसला. अशाच एका रविवारी एका मुलाला गच्चीच्या टोकाशी उभ्या असलेल्या एका स्त्रीचा चेहरा दिसतो. पाठोपाठ गलका होतो, कुणीतरी कोसळतं. आपण एका माणसाचा मृत्यू पाहिला, हे त्याला फार नंतर उमगतं.

मग तिसरं महायुद्ध होतं. पॅरिस बेचिराख होतं, वर किरणोत्सर्ग आणि खाली भुयारांत वाचलेली माणसं. अन्न, औषध, ऊर्जा कशाचीच सोय उरलेली नाही. मदत मागायची तर दुसऱ्या काळाकडेच. म्हणून भुयारातले शास्त्रज्ञ कैद्यांना काळाच्या पलीकडे पाठवू पाहतात. पहिले कैदी मरतात किंवा वेडे होतात, कारण पूर्ण वाढलेल्या माणसाने एकदम परक्या काळात जागं होणं मनाला झेपत नाही. तेव्हा माणूस असा हवा, ज्याचं मन आधीच दुसऱ्या काळात गुंतलेलं आहे. छावणीचे पोलीस कैद्यांच्या स्वप्नांवरही पाळत ठेवून असतात. त्यांच्या जाळ्यात ओर्लीचा तो मुलगा सापडतो, आता मोठा झालेला आणि अजूनही त्या चेहऱ्यापाशी अडकलेला.

शास्त्रज्ञांचा क्रम लक्षात घ्या. त्यांना खरी गरज भविष्याची आहे, पण ते त्याला आधी भूतकाळात पाठवतात. तिथे तो टिकला, तरच पुढे. साठ वर्षांपूर्वी ही निव्वळ कथाकाराची सोय वाटली असेल. आज मेंदूविज्ञानाच्या पुस्तकात ती शोभून दिसेल.

त्याआधी चित्रपटाच्या घडणीबद्दल. मार्करने हा चित्रपट जवळजवळ पूर्णपणे स्थिर छायाचित्रांचा केला आहे. पात्रं बोलत नाहीत. निवेदक बोलतो, आणि शास्त्रज्ञांची जर्मनमधली कुजबुज कानावर येते. भूतकाळात गेलेला कैदी त्या स्त्रीला भेटतो, दोघं बागेत हिंडतात, संग्रहालयात पेंढा भरलेले प्राणी बघतात. हे सगळं एकेका थिजलेल्या क्षणात. फक्त एका ठिकाणी हा नियम मोडतो. ती झोपलेली आहे. कूस बदलल्याची छायाचित्रं एकमेकांत विरघळत जातात, पाखरांचा कलकलाट वाढत वाढत असह्य होतो, आणि ती डोळे उघडून पापण्या लववते. खरोखर लववते. चित्रपटातली हालचाल म्हणायची ती एवढीच, काही सेकंदांची. लगेच प्रयोग करणाऱ्याचा चेहरा येतो आणि आपण पुन्हा भुयारात. कैद्याने आठवण म्हणून जपलेला चेहरा त्या काही सेकंदांत जिवंत माणूस होतो. ती आठवते आहे, स्वप्नात दिसते आहे, की त्यानेच रचली आहे, हे त्याला अखेरपर्यंत ठरवता येत नाही.

आता विज्ञान. आपल्या हिंदी सिनेमातला नायक डोक्याला मार बसला की आपण कोण हेच विसरतो, आणि दुसरा मार बसला की त्याला सगळं आठवतं. प्रत्यक्षातला स्मृतिलोप बहुतेकदा निराळा असतो. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी ‘के. सी.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या रुग्णाचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. १९८१मध्ये मोटारसायकलच्या अपघातात त्याच्या मेंदूला इजा झाली होती. स्वतःचं नाव ठाऊक, भाषा शाबूत, बुद्धिबळही येत होतं. पण आयुष्यातला एकही प्रसंग ‘तेव्हा मी तिथे होतो’ असा आठवत नव्हता. उद्या काय करणार, असं विचारलं तरी उत्तर नाही. मन कोरं.

२००७मध्ये लंडनमध्ये डेमिस हसाबिस, एलेनॉर मॅग्वायर आणि सहकाऱ्यांनी हे नेमकेपणाने तपासलं. स्मृतीसाठी कळीचा असलेला मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग दुखावलेल्या पाच रुग्णांना त्यांनी काही दृश्यं कल्पायला सांगितली. उदाहरणार्थ, पांढऱ्या वाळूच्या किनाऱ्यावर तुम्ही पहुडला आहात. एकाचा अपवाद सोडता रुग्णांना सुटे तुकडेच सांगता आले. निळं आकाश, वाळू, लाटांचा आवाज, पण त्यांची मिळून एक जागा काही होईना. म्हणजे जुना प्रसंग आठवणं आणि न घडलेला प्रसंग डोळ्यांपुढे आणणं, ही दोन्ही कामं मोठ्या प्रमाणात एकाच कारखान्यात चालतात. मार्करच्या शास्त्रज्ञांचा क्रम बरोबर होता.

आणि स्वप्नं? २०००मध्ये हार्वर्डच्या रॉबर्ट स्टिकगोल्ड यांनी काही जणांना तीन दिवसांत मिळून सात तास ‘टेट्रिस’ हा खेळ खेळायला लावलं. त्यांत पाच स्मृतिलोपाचे रुग्ण होते. आदल्या दिवशी आपण हा खेळ खेळलो, हे त्यांना आठवत नव्हतं. तरी त्यांतल्या तिघांना झोपेच्या उंबरठ्यावर वरून पडणारे, फिरणारे आकार दिसले. ते कुठून आले, हे मात्र सांगता येईना. प्रसंगाचा पत्ता हरवला, तरी त्याची चित्रं मेंदूत कुठेतरी मुक्कामाला असतात. छावणीच्या पोलिसांनी स्वप्नं उगाच चाळली नव्हती.

भूतकाळाची परीक्षा पास झाल्यावर कैदी भविष्यात जातो आणि भुयारातला उद्योग पुन्हा सुरू होईल एवढी ऊर्जा घेऊन येतो. काम झालं, आता आपल्याला मारणार, हे त्याला कळून चुकतं. भविष्यातली माणसं त्याला आपल्यात बोलावतात. तो नकार देतो आणि ओर्लीचा तो रविवार मागतो. गच्चीवर तो तिच्याकडे धावतो, पण छावणीचा माणूस मागावर असतोच. लहानपणी कोसळताना पाहिलेला माणूस म्हणजे तो स्वतः, हे त्याला शेवटच्या क्षणी कळतं. टेरी गिलियमने याच कथेवरून ‘ट्वेल्व्ह मंकीज’ (१९९५) हा पूर्ण लांबीचा चित्रपट बेतला.

के. सी.ला काल नव्हता, म्हणून उद्याही नव्हता. मार्करच्या कैद्याला काल आहे, किंबहुना एकच काल आहे, आणि दारात येऊन उभा राहिलेला उद्या तो त्याच्यापायी परत पाठवतो. स्मृती गमावल्याने भविष्य जातं, हे प्रयोगशाळेने सिद्ध केलं. एकाच स्मृतीला कवटाळूनही ते जातं, हे सांगायला चित्रपट लागला.

(पुढील भागात: माया डेरेनचा ‘मेशेस ऑफ द आफ्टरनून’, १९४३)