घडीच्या सायकलची बिजागरी

साधी सायकल एकदा जोडली की महिनोन्‌महिने जोडलेलीच राहते. घडीची सायकल आपण दिवसातून दोनदा मोडतो आणि दोनदा जोडतो, तेही स्टेशनबाहेरच्या गर्दीत, घड्याळाकडे बघत. कारखान्यातल्या जोडणीचा थोडा भाग रोज आपल्याच हातून होतो. म्हणून ती तपासायचीही आपणच.

माझी सायकल वीस इंची चाकांची, मधोमध दुमडणारी. गेल्या पावसाळ्यात पुढचा ब्रेक दाबला की हँडलच्या मुळाशी ‘कट्‌’ असा बारीक आवाज यायला लागला. आठवडाभर मी तो बेअरिंगचा आवाज समजत होतो. निघाला हँडलच्या दांड्याच्या बिजागरीचा. कडी बंद होती, खटकाही बसलेला होता, पण पकड सैल झाली होती. चालत्या सायकलवर फ्रेमची बिजागरी सैल असणे वाईटच. हँडलची उघडली, तर मात्र सायकल वळवण्याचे साधनच हातातून जाते. त्यामुळे मी तपासणी नेहमी तिथूनच सुरू करतो.

ही कडी चालते कशी ते समजून घेतले की पुढचे सोपे होते. स्टीलच्या जेवणाच्या डब्याची बाजूची क्लिप आठवा. लावताना एका ठिकाणी ती सर्वांत जड लागते आणि तो बिंदू ओलांडला की आपोआप आत ओढली जाऊन घट्ट बसते. बिजागरीची लिव्हर बहुधा तशीच असते. शेजारचा छोटा खटका तिला चुकून उघडू देत नाही, पण पकड देण्याचे काम त्याचे नाही. ‘खटका बसला म्हणजे झाले’ हा समज इथेच फसवतो.

पकड अशी तपासा. डाव्या हाताचा अंगठा बिजागरीच्या फटीवर आडवा ठेवा, उजव्या हाताने पुढचा ब्रेक दाबून धरा आणि सायकल मागेपुढे हलवा. दोन्ही भाग एकमेकांवर सरकत असतील, तर डोळ्यांना दिसण्याआधी अंगठ्याला कळते. मग लिव्हर उघडा. फटीतली वाळू, चिखल कोरड्या फडक्याने पुसून घ्या, कारण एक खडा अडकला तरी पृष्ठभाग नीट टेकत नाहीत. त्यानंतर कडीच्या बोल्टवरचा नट पाव फेरा आवळा. काही सायकलींना इथे अ‍ॅलन की लागते. लिव्हर पुन्हा मिटवून बघा. अर्ध्या वाटेवर विरोध सुरू व्हावा आणि शेवटी तळव्याला चांगला जोर लावावा लागावा. पाय देऊन बंद करावी लागत असेल, तर नट जास्त आवळला गेला आहे. अशाने बोल्ट ताणला जातो आणि कधीतरी तुटतो. एका वेळी पाव फेराच, अर्धा नको.

ब्रॉम्प्टन या घडीच्या सायकलची रचना वेगळी आहे. अँड्र्यू रिची यांनी १९७०च्या दशकात लंडनमध्ये ती आखली. त्यांच्या खोलीतून ब्रॉम्प्टन ऑरेटरी हे चर्च दिसे, त्यावरून हे नाव. तिच्या बिजागरीला अशी कडी नाही. फिरवून आवळायची मूठ आहे आणि तिच्याखाली दोन्ही कडांना कवेत घेणारी पट्टी. ती पट्टी दोन्ही बाजूंनी सरळ बसली आहे ना, हे बघूनच मूठ आवळायची.

सीटचा दांडा घडीच्या सायकलीत खूप लांब असतो, त्यामुळे तो जास्त वर ओढण्याचा मोह होतो. दांड्यावर कोरलेली मर्यादेची रेघ नळीच्या आत गेलेलीच हवी. हा दांडा केवळ घर्षणावर उभा असतो, म्हणून त्याला तेल लावू नका. आपल्या उंचीची खूण चिकटपट्टीने करून ठेवली की रोज मोजावे लागत नाही.

पायडल सैल वाटले तर लक्षात ठेवा, डाव्या पायडलचे आटे उलटे असतात. ब्रेकच्या वायरी घडी उलगडताना फ्रेमच्या फटीत चिमटल्या जातात. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून त्या ताणल्या जात नाहीत ना ते बघा. ब्रेकचे रबर रिमवर टेकावे, टायरवर कधीच नाही. हवा टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्यांत बसेल एवढी भरा. लहान चाकाला खड्डा मोठा पडतो, कमी हवेत तर रिमच वाकते. टायर बदलताना नुसते ‘वीस इंची’ म्हणू नका. ४०६ आणि ४५१ या दोन्ही मापांना वीस इंचीच म्हणतात आणि एकाचा टायर दुसऱ्याला बसत नाही. आकडा जुन्या टायरवर वाचून घ्या.

महिन्यातून एकदा बिजागरीजवळचे सांधे पुसून उजेडात बघा. रंगावर केसासारखी रेघ दिसली, तर तिथे नख फिरवा. नख अडकले, तर ती तड समजा. अ‍ॅल्युमिनियमच्या फ्रेमची तड कोपऱ्यावरच्या वेल्डिंगवाल्याकडून भरून घेऊ नका. त्या उष्णतेने आजूबाजूचा धातू आणखी कमजोर होतो. तो भाग बदलून मिळेपर्यंत सायकल घरीच ठेवा, आणि तड वाटेत दिसली तर तिथूनच हातात धरून चालत घरी या.