जपानी पॉपची वळणं, लेखांक ८ : आठ गळे आणि एक ठेका

गेल्या लेखात मॉर्निंग मुसुमेच्या सुरुवातीच्या महिन्यांचा प्रवास आपण पाहिला. 'आसायान' या टीव्ही कार्यक्रमातल्या गायन स्पर्धेत हरलेल्या पाच मुली, पाच दिवसांत ५० हजार सीडी विकून दाखवण्याची निर्माता-संगीतकार त्सुंकूने घातलेली अट आणि जानेवारी १९९८मधलं 'मॉर्निंग कॉफी' इथवर आपण आलो होतो. ९ सप्टेंबर १९९९ रोजी, तोवर आठ जणींच्या झालेल्या याच गटाचं 'लव्ह मशीन' बाजारात आलं आणि त्याच्या १६ लाखांहून अधिक प्रती खपल्या. सत्तरच्या दशकातला डिस्को त्यात उघडपणे वाजत होता. हा जुन्या आठवणींवर पोसलेला खेळ होता, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते पटत नाही. माझ्या मते गटाच्या घडणीतच एक अडचण होती आणि तिच्यावरचा सांगीतिक तोडगा त्सुंकूला डिस्कोत सापडला.

ती अडचण अशी. सुरुवातीची गाणी एखाद्या मुख्य गळ्याभोवती आणि त्याला दिलेल्या स्वरसाथीभोवती रचलेली होती. अशा रचनेत एक गायिका गेली की सगळी मांडणीच हलते. एप्रिल १९९९मध्ये फुकुदा आसुकाने गट सोडला, तेव्हा त्यातला सर्वांत भरीव आवाज गेला. जुलैमधलं 'फुरुसातो' हे संथ गाणं जवळजवळ एकट्या आबे नात्सुमीच्या खांद्यावर उभं होतं. ते पाचव्या क्रमांकापर्यंतच पोचलं, आणि बाकीच्या मुली त्यात नुसत्या मागे उभ्या राहिल्या. सदस्य येत-जात राहणार आणि प्रत्येकीच्या गळ्याची तयारी वेगळी असणार, हे एकदा ठरल्यावर गाण्याचा भार कोणा एकीच्या गळ्यावर टाकून चालणार नव्हतं.

डिस्कोत तो भार ठेका उचलतो. प्रत्येक मात्रेवर पडणारा बेस ड्रम, दोन ठोक्यांच्या मधल्या जागेत उघडणारी हाय-हॅट, सप्तकाच्या उड्या मारणारं बेस गिटार, वर तंतुवाद्यं आणि ब्रास, एवढा पाया पक्का असला की गळ्याकडून लांब तानेची अपेक्षा उरत नाही. 'लव्ह मशीन'चं संगीत संयोजन डान्स मॅन या कलाकाराचं होतं. जुन्या अमेरिकी फंक आणि डिस्को गाण्यांवर जपानी शब्द बसवण्यात त्याचा हातखंडा होता, त्यामुळे हा पाया त्याला नेमका ठाऊक होता. मग दोन-चार शब्दांचे तुकडे एकीकडून दुसरीकडे फिरतात, मध्येच आरोळ्या येतात आणि ध्रुवपदात आठही जणी एका स्वरात मिळतात. नात्सु मायुमीचं नृत्यही त्याच विचाराचं आहे. ओकिनावाच्या अभिनय-नृत्य शाळेत घडलेल्या 'स्पीड' गटाची कसरत सामान्य प्रेक्षकाला जमणारी नव्हती. इथले हातवारे मात्र कोणालाही उचलता येत होते.

यावरचा पहिला आक्षेप वजनदार आहे: हे यश नव्याने आलेल्या तेरा वर्षांच्या गोतो माकीचं आणि टीव्हीचं. गोतोच्या आगमनाने कुतूहल वाढलं, हे खरंच. पण टीव्ही 'फुरुसातो'च्या पाठीशीही होता. शिवाय जानेवारी २०००मध्ये आलेलं 'कोइ नो डान्स साइट', पुन्हा डान्स मॅनच्याच संयोजनातलं, दहा लाखांच्या पुढे गेलं. तोवर गोतोचं नावीन्य ओसरलेलं होतं. दुसरा आक्षेप मंदीचा. १९९७मध्ये यामाइची सिक्युरिटीज कोसळली, पुढच्या वर्षी लाँग टर्म क्रेडिट बँक सरकारला ताब्यात घ्यावी लागली, आणि या गाण्याचे शब्द मंदीचा उल्लेख करून देशाच्या भविष्याबद्दल उमेद बाळगतात. लोकांना ते भिडलं असणार. पण तेच शब्द 'फुरुसातो'च्या चालीत बसवून पाहिले तर ते उपदेशासारखे वाटतील. एकत्र नाचत म्हटल्यामुळेच त्यांना उत्सवाचा सूर आला.

राहता राहिला उसनेपणाचा आरोप. 'शॉकिंग ब्लू'च्या 'व्हीनस'शी या गाण्याचं साम्य ऐकताक्षणी जाणवतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. मला अधिक बोचतो तो या वळणाचा खर्च: फुकुदाच्या काळातली, एका गळ्याला दुसऱ्याने हळूच आधार देणारी गायकी या गटाच्या मुख्य गाण्यांत मागे पडली. मात्र याच मांडणीमुळे एप्रिल २०००मध्ये आणखी चार मुली एकदम आत घेता आल्या आणि गाणं कोलमडलं नाही. त्या चौघींना गाण्यात जागा कशी करून दिली गेली, ते पुढच्या लेखात पाहू.