चरबी, मांसाहार आणि भंडाऱ्याचं ताट

आजचा विषय आहे आहारातली चरबी आणि मांसाहार. आपल्या भंडारा जिल्ह्यात हा विषय निघाला की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "डॉक्टरांनी कोलेस्टेरॉल वाढलं म्हणून सांगितलं. आता मटण, मासळी, अंडी, तूप सगळं बंद करू का?" यावर आम्ही लगेच हो किंवा नाही म्हणत नाही. आम्ही उलट विचारतो, बंद केल्यावर त्या जागी ताटात काय येणार? आज आपल्याला या उलट प्रश्नापाशीच थांबायचं आहे.

आधी चरबी म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. एक ग्रॅम चरबी नऊ कॅलरी देते, एक ग्रॅम पिष्ट किंवा साखर चार. चरबीचे मुख्य प्रकार दोन. थंडीत थिजते ती बहुतेक संपृक्त चरबी, जशी तुपातली किंवा बोकडाच्या चरबीतली. पातळ राहते ती बहुतेक असंपृक्त, जशी जवस, सोयाबीन, करडई यांच्या तेलातली. संपृक्त चरबी जास्त झाली की रक्तातलं एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचणारं कोलेस्टेरॉल वाढतं. हे अनेक प्रयोगांत दिसलेलं आहे, त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसभराच्या ऊर्जेत संपृक्त चरबीचा वाटा १० टक्क्यांच्या आत असावा. २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाला हे साधारण २२ ग्रॅम होतात.

आता हे २२ ग्रॅम घेऊन आपण आपल्याच स्वयंपाकघरात जाऊ. एका अंड्यात एकूण चरबी सुमारे पाच ग्रॅम, त्यातली संपृक्त दीड ग्रॅम. एक छोटा चमचा तूप घेतलं तर संपृक्त चरबी तीन ग्रॅम. रोहूच्या शंभर ग्रॅम मांसात सगळी मिळून चरबी दोन ग्रॅमच्या आसपास, कधी त्याहूनही कमी. मग उरलेली येते कुठून? तेलाच्या पिंपातून. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल लागत असेल, तर हिशेब करा: माणशी रोजचं सुमारे ३८ ग्रॅम. ते सोयाबीनचं असेल तर त्यात संपृक्त चरबी सहा ग्रॅमच्या आत-बाहेर. तेच पामोलीन असेल तर पंधरा-सोळा ग्रॅम! म्हणजे ज्या घरात मटणाचा तुकडाही शिजत नाही, तिथंही मर्यादेचा दोन तृतीयांश भाग एकट्या तेलानं संपतो. वरून हॉटेलातले समोसे, दुकानातलं फरसाण आणि चहासोबतचे टोस्ट आहेतच.

वनस्पती तुपाचंही इथंच सांगून टाकू. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स चरबी तयार होते. ती एलडीएल वाढवते आणि चांगलं समजलं जाणारं एचडीएल कमीही करते, असा दुहेरी मार आहे. भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणानं जानेवारी २०२२ पासून तिची मर्यादा २ टक्क्यांवर आणली, हे चांगलं झालं. पण एकाच कढईत तेच तेल पुन्हा पुन्हा उकळलं जातं, त्यावर आपलं लक्ष आपल्यालाच ठेवावं लागतं. तेव्हा प्राण्याची चरबी वाईट आणि झाडाची चांगली, अशी सरळ वाटणी करता येत नाही.

मग बदल केला तर फायदा कशानं होतो? अमेरिकन हार्ट असोसिएशननं २०१७ मध्ये जुने प्रयोग एकत्र पाहून यावर मत दिलं. संपृक्त चरबीच्या जागी असंपृक्त तेलं आली तेव्हा हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचं प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटलं. पण त्या जागी मैदा, साखर, पांढरं पिष्ट आलं तेव्हा तसा फायदा दिसला नाही. मंडळी, आमच्या उलट प्रश्नाचं कारण हे आहे.

आपला जिल्हा धानाचा. चिन्नोर तांदळाला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे, त्याचा अभिमान आपल्याला असायलाच हवा. पण दोन्ही वेळच्या ताटात भाताचा ढीग असतो. मासळी आणि अंडं बंद झालं की तो ढीग आणखी मोठा होतो, कारण पोट तर भरायचं असतंच. शरीराला नको असलेलं जास्तीचं पिष्ट यकृत चरबीत बदलतं, आणि रक्तात ट्रायग्लिसराइड वाढतात. अहवालात कोलेस्टेरॉल थोडं उतरतं, ट्रायग्लिसराइड चढतात, आणि रुग्ण म्हणतो, "मी तर सगळं सोडलं होतं!"

"आम्ही कुठं जाडे आहोत?" असंही कोणी म्हणेल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय माणसाच्या अंगात स्नायू कमी आणि चरबी जास्त असू शकते. अशा शरीराला प्रथिनं कमी करून पिष्ट वाढवणं परवडत नाही.

याज्ञिक यांच्याच गटानं पुणे भागातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांची तपासणी केली, तेव्हा ६७ टक्के लोकांत बी१२ जीवनसत्त्व कमी निघालं. हे जीवनसत्त्व निसर्गतः दूध, अंडी, मासळी, मांस यांतूनच मिळतं. शाकाहारी मंडळींनी काळजी करत बसू नये, पण दूध-दही सोडू नये आणि डॉक्टरांना विचारून बी१२ तपासून घ्यावं. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन चालू असेल तर हे नक्की विचारा, कारण त्या गोळीनंही बी१२ कमी होऊ शकतं.

आता आपल्याकडे काय आहे ते पाहू. मालगुजारी तलावांचा हा मुलूख. ते तलाव बांधणारा कोहळी समाज आणि त्यात मासे धरणारा ढीवर समाज, दोघांचीही परंपरा जुनी. मरळ, वाघूर, रोहू, कतला ही मासळी म्हणजे कमी चरबीचं, उत्तम प्रथिनांचं अन्न. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी कॅल्शियमही देते. पण ती तेलात बुडवून तळली की हा सगळा हिशेब बदलतो. रस्सा करा, तव्यावर थोड्या तेलात भाजा.

दुसरं आपलं जवस. धानाच्या बांधीत ओल असतानाच पेरलं जाणारं हे पीक. त्याच्या तेलात निम्म्याच्या आसपास ओमेगा-३ प्रकारची चरबी असते. शरीर तिच्यातला थोडाच भाग मासळीतल्या ओमेगा-३ मध्ये बदलू शकतं, म्हणून जवस म्हणजे मासळीची पूर्ण भरपाई नव्हे. तरी शाकाहारी ताटात त्याच्या तोडीचं दुसरं फारसं काही नाही. जवस अख्खं खाल्लं तर बरंचसं तसंच बाहेर पडतं. हलकं भाजून, कुटून चटणी करा, आणि थोडी थोडीच करा, कारण ही चरबी हवेनं लवकर खवट होते. जवसाचं तेल तळणाला वापरू नका.

मटणाचं काय? बोकडाच्या निव्वळ मांसात चरबी फार नसते, ती पोटात आणि मूत्रपिंडाभोवती साठलेली असते. कापून घेतानाच ती काढायला सांगा. आणि रश्श्यावरची तर्री! चव तिच्यात आहे हे आम्हालाही ठाऊक आहे, पण मसाल्याचं तेल आणि मांसाची चरबी दोन्ही तिथंच तरंगतात. वाढण्यापूर्वी पळीनं निम्मी काढून ठेवली तरी पुष्कळ झालं. मात्र मटण रोजचं नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१५ मध्ये लाल मांसाला बहुधा कर्करोगकारक अशा गटात ठेवलं आहे, तेव्हा कधीमधी आणि थोडं, हेच बरं.

अंड्याबद्दल सारखं विचारतात. निरोगी माणसानं रोज एक अंडं खाल्लं तर हृदयविकार वाढतो, असं मोठ्या पाहण्यांत साधारणपणे दिसत नाही. ज्यांना मधुमेह आहे, झटका येऊन गेला आहे, त्यांनी प्रमाण आपल्या डॉक्टरांशी बोलून ठरवावं. आणि गोळ्या चालू असतील तर आहार सुधारला म्हणून त्या परस्पर बंद करू नयेत.

शेवटी एकच. अंडं सोडणारी, तूप सोडणारी माणसं आम्ही पुष्कळ पाहतो, आणि त्यांच्या खिशात खर्र्याची पुडी तशीच असते. तंबाखू हृदयाच्या रक्तवाहिन्यांना काय करते ते इथं बसलेल्या कुणाला नवीन नाही. सोडायच्या यादीत पहिलं नाव तिचं घाला. मग तेलाचं पिंप महिन्याला पाचावरून तीन लिटरवर आणा, भाताचा ढीग एका वाटीनं कमी करा, आणि त्या रिकाम्या जागेत वरण, भाजी, जवसाची चटणी, खात असाल तर मासळीचा एक तुकडा वाढा. हा बदल एका माणसाच्या पथ्यानं होत नाही, सगळ्या घराची कढई बदलावी लागते. म्हणून आज इथं ऐकलेलं घरी जाऊन स्वयंपाक करणाऱ्या माणसाशी बोला. आता प्रश्न घेऊ.